साठवलेली रजा

राज्य सरकारची नोकरी पाच वर्षं बिनतक्रार केली की तीन महिन्यांची भरपगारी बक्षीस-रजा मिळे. मिळाली तर घ्यावी ना? पण आमच्या या नदीकाठच्या राजधानीत रजा घेणाऱ्याला लोक उधळ्या म्हणत. शहाणा माणूस ती साठवी. शिक्षक साठवत, नर्सा साठवत, विधानसभेचे माळीसुद्धा साठवत. काही बायका चांगल्या बश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतात आणि स्वतः जन्मभर टवका उडालेल्या बशीत जेवतात, त्यातलाच हा प्रकार. निवृत्तीच्या तोंडावर सगळी रजा एकदम घ्यायची आणि राजासारखं जगायचं, असा बेत. बरेचसे राजे त्याआधीच वारले, तरी रीत काही मोडली नाही.

इरासीने तर एका दिवसालाही हात लावला नव्हता. विधानसभेत आमदारांना कॉफी देण्याचं तिचं काम. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, रजा मात्र अख्खी. खरं सांगायचं तर ती त्या रजेतच राहत होती. किटली तापत असताना, कप विसळत असताना ती तिकडे हिंडून यायची. साठलेल्या महिन्यांपैकी पहिले तीनच तिच्या मनात असत, आणि त्यांना रंग होते. पहिला पिवळसर. त्यात ती आणि तिचा नवरा ओझियास बोटीने नदीच्या वरच्या अंगाला चाललेले असत, माणसांच्या दाटीत दोन कापडी झुले शेजारी शेजारी टांगून. दुसरा महिना हिरवा. त्यात मारुपारा होतं, ओझियासचं गाव, जिथे पाणी चढलं की घरं तरंगतात आणि कोंबड्या छपरावर झोपायला जातात. तिसऱ्याला रंगच नव्हता. त्यात ती नुसती पडून असायची आणि कोणीही तिच्याकडे कॉफी मागायचं नाही.

"इरासीताई, उतू गेली," मार्लुस ओरडायची. मार्लुस तिची कॉफीघरातली जोडीदारीण, वयाने लहान, जिभेने थोर. "आज कुठवर पोचला होतात?"

"वळणापर्यंत. जिथून चर्चचा मनोरा दिसतो ना, तिथवर."

"मग तिथेच उतरायचं होतं. परत कशाला आलात, या मढ्यांना कॉफी पाजायला?"

इरासी हसायची आणि गॅस पुसायला घ्यायची. पण अलीकडे त्या हसण्यात राम नव्हता, कारण ओझियास विरत चालला होता. आधी त्याच्या डोक्यातून किल्ल्यांची जागा गेली, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण हयातभर लाकूड कापण्याच्या गिरणीत होतो हेही गेलं. मारुपारा तेवढं शाबूत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने इरासीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "न्यायचं असेल तर आत्ता न्या. वर्षभराने नेलंत तर ते गाव त्याला कुठलंही गाव वाटेल." तेव्हापासून ओझियास रोज संध्याकाळी झुल्यात पाय हलवत विचारायचा, "कधी निघायचं?" आणि ती सांगायची, "रजा मिळू दे."

ती रजा मागायला गेलीही होती. हपिसातले अदाउतो साहेब म्हणाले, "अधिवेशन संपू द्या, मग बघू." आणि त्याच अधिवेशनात सरकारने विधेयक आणलं. राज्याच्या नोकरांनी आणखी पाच वर्षं काम करावं आणि मगच पेन्शन घ्यावी. पेन्शनसाठी पगारातून कपात वाढवावी. पगारवाढ थांबवावी. आणि साठवलेली बक्षीस-रजा कायदा होताच रद्द. खजिना रिकामा झालाय म्हणे. तो कोणी रिकामा केला, एवढंच विधेयकात लिहायचं राहून गेलं होतं.

सभागृहात सरकारचं बहुमत पक्कं होतं. अडलं तर ते सात जणांच्या समितीत अडणार होतं, कारण तिथे पडलेलं विधेयक त्या वर्षी पुन्हा मांडता येत नाही. आता आमच्याकडे समितीत मत देण्याची रीत अशी. अध्यक्ष म्हणतात, "संमत असतील त्यांनी आहे तसंच राहावं." ज्याला पटत नाही त्याने उभं राहायचं. जो बसून राहिला तो हो म्हणाला. हो म्हणायला म्हणजे काहीच करावं लागत नाही, आणि आमच्या राज्याचा बराचसा कारभार याच सोयीवर चालतो.

तिघे विधेयकाच्या बाजूने, तिघे विरुद्ध. सातवे डॉक्टर लिबोरियो. हे म्हातारे आमदार मारुपाराच्याच बाजूचे, दुपारच्या जेवणानंतर हटकून झोपणारे. त्यांना जागं करण्याचं काम वहिवाटीने इरासीकडे आलं होतं. हाक मारायची नाही, नुसता कप नाकाखाली धरायचा. आधी नाकपुड्या हलत, मग मिश्या, आणि मग राज्याचा गाडा पुढे सरके. नर्सा आणि शिक्षक त्यांच्या घरी गेले होते तेव्हा ते छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "मी उभा राहणार. असा उभा राहीन की डोकं छताला लागेल." आणि दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना इरासीला म्हणाले, "इरासीबाई, नवऱ्याला सांगा, प्रवासाचा झुला गुंडाळून बांधून ठेव म्हणावं."

तिने सांगितलं. ओझियासने झुला बांधला, सोडला आणि पुन्हा बांधला.

मतदानाच्या दुपारी हवा इतकी जड होती की पंखे तीच हवा इकडून तिकडे नेऊन ठेवत होते. काचेपलीकडे बोळकांडीत माणसं दाटली होती, पण त्यांचा आवाज आत येत नव्हता, नुसती तोंडं हलताना दिसत. इरासी ट्रे घेऊन भिंतीशी उभी होती. अध्यक्षांनी कलमं वाचायला घेतली. एकसुरी, खालच्या पट्टीतलं वाचन. ऐकता ऐकता तो आवाज बोटीच्या इंजिनाचा झाला.

टेबलाखालून पाणी आलं. गढूळ, कोमट, घाई नसलेलं. लांबलचक टेबल काठापासून सुटलं आणि आमदारांसकट संथपणे वरच्या अंगाला निघालं. खिडक्यांतून झाडं सरकायला लागली. शेजारच्या झुल्यात ओझियास होता आणि त्याच्या पायाचा अंगठा तिच्या पोटरीला लागत होता. तो एकेका वळणाचं नाव सांगत होता. हे आंधळ्या बाईचं वळण, हे मिठाचं, हे माझा बाप पडला ते. एकही नाव चुकत नव्हतं. पाण्यातून गुलाबी डॉल्फिनची पाठ वर आली आणि गेली. कोणीतरी भाजलेला मासा आणि कसाव्याच्या कंदाचं भाजकं पीठ पुढे केलं, तिने हात पुढे केला, आणि ट्रेमधले कप किणकिणले.

"मतास टाकतो," अध्यक्ष म्हणत होते.

लिबोरियो झोपले होते. हनुवटी छातीवर, हात पोटावर. इरासी लगबगीने गेली आणि कप त्यांच्या नाकाखाली धरला. नाकपुड्या हलल्या. मिश्या हलल्या. पण डोळे काही उघडेनात. तिने कप आणखी जवळ नेला, आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्यांच्या बाहीला धरून हलवलं.

"डॉक्टर, उठा. मत आहे. उभं राहायचंय तुम्हाला."

ओठ जेमतेम हलले. पापणीसुद्धा न उचलता ते पुटपुटले, "इरासीबाई, मी झोपलोय."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कपातली कॉफी बशीत सांडली.

"संमत असतील त्यांनी आहे तसंच राहावं," अध्यक्ष म्हणाले. तिघे उभे राहिले. खुर्च्या करकरल्या. बाकीचे होते तसे राहिले, आणि त्यांत एक इतक्या गाढ, इतक्या निरागस चेहऱ्याने की पाळण्यातल्या बाळाने लाजावं. "संमत."

दार उघडलं तसा बोळकांडीतला आवाज एकदम आत घुसला. तेव्हा कुठे लिबोरियो दचकून जागे झाले, डोळे चोळले, इकडेतिकडे पाहिलं.

"झालं की काय मतदान? अरेरे." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इरासीबाई, अहो, मला उठवायचं नाही का? इतक्या वर्षांत आजच विसरलात?"

"उठवलं होतं," इरासी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मी झोपलोय."

दोघेतिघे हसले. झोपलेला माणूस बोलतो का कधी? लिबोरियोंनी तिच्या खांद्यावर थोपटलं, समजूतदारपणे, आणि कॉफीचा घोट घेऊन म्हणाले की गार झाली आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण या माणसाने ताक पिऊन भांडं तिच्याच हातात दिलं होतं. मला त्यांचा आजही राग येतो.

बाहेर एका नर्सने तिच्याकडे बोट दाखवलं. "हीच ती. नुसती उभी होती पुतळ्यासारखी."

"ए, तोंड सांभाळ," मार्लुस मध्ये पडली. मग इरासीला कोपऱ्यात ओढून हळूच विचारलं, "खरं सांगा ताई, वळणापर्यंत गेला होतात का?"

"गेले होते," इरासी म्हणाली. "पण वेळेत परत आले होते, मार्लुस. अगदी वेळेत."

मार्लुसने तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. "जा घरी. मी बघते इथलं."

अदाउतो साहेबांच्या दारापुढे रजा मागणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. दार आतून बंद होतं. सही राज्यपालांची लवकर होणार होती आणि साहेबांची उशिरा, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी सगळे उभे होते. इरासी त्यांच्या कडेने उतरली आणि बसथांब्याकडे गेली.

घरी ओसरीत ऊन तिरकं पडलं होतं. ओझियास झुल्यात होता, अंगात धुतलेला सदरा, पायाशी बोचकं. तिला पाहून त्याने पाय हलवणं थांबवलं.

"कधी निघायचं?"

इरासी पायरीवर बसली. नेहमीचं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच वाळलं. आणखी पाच वर्षं हा माणूस हेच विचारत राहणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं. हा तोवर विचारायचंही विसरेल.

"कधी निघायचं म्हणजे?" ती म्हणाली. "अरे, आपण जाऊन आलो की."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आलो?"

"कालच. म्हणून तर बोचकं अजून सोडलं नाहीस." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. इतक्या वर्षांचं सगळं साठवलेलं होतं, ते ती काढत गेली. पिवळा उजेड, इंजिनाची घरघर, पहाटे नदीवर बसलेलं धुकं. अंगठा पोटरीला लागायचा ते. चर्चचा मनोरा दिसला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि बोट हलली म्हणून खलाशी ओरडला, ते.

ओझियासचा चेहरा हळूहळू सैलावला. "कोंबड्या छपरावर होत्या," तो म्हणाला.

"होत्या ना."

"पाणी चढलं होतं. माझ्या बहिणीने मासा भाजला." बहीण जाऊन खूप वर्षं झाली होती. "त्यात लिंबू जास्त झालं होतं."

"जरा जास्तच," इरासी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"आंधळ्या बाईचं वळण दिसलं. मिठाचं दिसलं." त्याने डोळे मिटले. बराच वेळ तो तिकडेच असावा, कारण मध्येच हसला आणि कोणाला तरी हात केला. तिला वाटलं, झालं, एवढं तरी दिलं आपण याला. मग त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे कणवेने पाहिलं.

"मला सगळं आठवतंय बघ," तो म्हणाला. "फक्त तू कुठे दिसत नाहीस. तुला नव्हती का मिळाली रजा?"