मुशीचं तेल आणि व्याह्यांचा कोट

माझ्या लग्नात घोडीला मुशीचं, म्हणजे छोट्या शार्क माशाचं, तेल चोपडलं होतं असं सांगितलं की नातवंडं म्हणतात, आजी थापा मारते. मारत नाही. अजून मुशीचं कालवण शिजलं की मला देवळाच्या घंटा ऐकू येतात.

साल चौऱ्याहत्तर, मे महिना. माझे बाबा, गॅब्रिएल, स्टेशन ते वसई गाव टांगा हाकायचे. माझी लेक लग्नाला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाईल ती माझ्याच टांग्यातून, असं ते मी पाळण्यात असल्यापासून सांगत आले होते. पण मेमध्ये फणस पिकले की गोमाश्या येतात. आमची घोडी बिजली स्वभावाने गरीब, पण पोटाला गोमाशी डसली की तिचे मागचे पाय कुठे जातील ते तिलाही ठाऊक नसे. लग्नाच्या आधीच्या रविवारी तिने भर बाजारात लाथ झाडली आणि अंड्यांची अख्खी पाटी उडवली. नेमके तिथे माझे होणारे सासरे, फेबियन, उभे.

त्यांनी लगेच निरोप धाडला की नवरी टॅक्सीतून येईल. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी तडजोड झाली: मी टांग्यात बसायचं, टॅक्सी मागून येणार, त्यात सासरे. बिजलीने पाय झाडला की त्याच जागी मी उतरून टॅक्सीत.

मग सुरू झाले उपाय. तबेल्यात कडुलिंबाचा धूर केला, तर बाबाच खोकून बाहेर आले. आईने जुन्या मच्छरदाणीची झूल शिवली, ती बिजलीने खाल्ली. अखेर पाचूबंदरची पुतळाबाई मासळी घेऊन आली आणि सगळं ऐकून पाटी खाली ठेवत म्हणाली, "गॅब्रिएलभाऊ, आम्ही होडीला मुशीचं तेल लावतो. खाऱ्या पान्यातला किडा लागत नाय. मग घोडीला माशी काय लागंल?"

बाबांना ते पटलं. लग्नाच्या सकाळी त्यांनी बिजलीला कानापासून खुरापर्यंत तेल लावलं. वास दडवायला आईने तिच्या गळ्यात मोगऱ्याचे गजरे घातले. आता मुशी आणि मोगरा, दोन्हींचे वास स्वतंत्र येऊ लागले.

पण गोमाशी? एकही नाही. बँड पुढे, बिजली राणीसारखी चाललेली, बाबांची मान ताठ. मी मागे वळून पाहिलं आणि मला हसू आवरेना. टांगा आणि टॅक्सीच्या मधे मांजरं चालली होती. प्रत्येक वाडीतून दोन-चार सामील होत होती. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून थकला. सासरे काचेतून फक्त बिजलीचे खूर बघत होते. बँडवाले एका वळणावर बेसूर झाले, तरी खूर काही उडाले नाहीत.

देवळाशी सासरे उतरले. माणूस शब्दाचा पक्का. सगळ्यांदेखत म्हणाले, "जिंकलास, गॅब्रिएल." फोटोवाल्याने दोघा व्याह्यांना घोडीसोबत उभं केलं. सासऱ्यांनी मोठ्या मनाने बिजलीच्या गळ्यात हात टाकला आणि आपल्या नव्या कोटाचा खांदा तिला टेकवला. बाबा तोंड उघडणार होते, पण आईने त्यांना कोपराने ढोसलं.

लग्नाची प्रार्थना, मिस्सा, आटोपून बाहेर आलो तर मांजरं पायरीवर वाट बघत होती. बिजलीला सोडून ती सासऱ्यांच्या मागे लागली. जाताना तरी नवरा-नवरी टॅक्सीतून न्यायची, असा त्यांचा बेत होता. टॅक्सीवाल्याने नाकाला रुमाल लावून आम्हा तिघांना हुंगलं. माझ्या झग्यालाही टांग्याचा वास लागला होताच. तो सासऱ्यांना एवढंच म्हणाला, "बसायचं तर एकट्यानं. आणि कोट काढून."

म्हणून सासरी मी बाबांच्याच टांग्यातून गेले. शेजारी नवरा, आणि समोरच्या सीटवर घडी घातलेला कोट. मागून मांजरांची वरात.

बाबांनी लगाम सैल सोडला आणि मागच्या टॅक्सीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हळू चल गं बिजली, आज व्याह्यांचा कोट बसलाय टांग्यात."