जिथं चुकलात तिथं बसा

पेठच्या किल्ल्यावर मी लोकांना न्यायला लागलो त्याला एकवीस वर्षं झाली. माझा नियम एकच. चुकलात तर जिथं चुकलात तिथं बसा, मी मागं येतो. शहाणपणा करून वाट शोधायला निघालात की संपलात. आंबिवलीत पायथ्याशी पत्र्याचा बोर्ड आहे. त्यावर माझं नाव, रोहिदास, खाली माझा नंबर आणि त्याखाली हा नियम. माझ्या लेकीनं, हर्षलानं, सातवीत असताना तो रंगवला.

त्या रविवारीही डोंबिवलीच्या बावीस जणांकडून मी तो नियम दोनदा म्हणवून घेतला. त्यांच्या पुढारी निशिगंधा मॅडम हसल्या. मला राग आला, पण गिऱ्हाईकावर रागावता येत नाही, म्हणून हर्षलाची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची असताना ती धुक्यात माझ्या मागून चुकली. पुढं धुकं निवळलं, खाली पेठ गावाचे दिवे दिसायला लागले, तरी पोरगी चार तास करवंदीच्या जाळीशी बसून राहिली. मी पोचलो तर म्हणाली, "बाबा, मी हलले नाय." ही गोष्ट मी शेकडो लोकांना छाती फुगवून सांगितली आहे. आता ती जपानात भाषा शिकतेय, वर्गातल्या पोरांबरोबर काल दोन शहरं बघून झाली, आज डोंगरावरचा किल्ला आहे, हेही सांगितलं. "पायऱ्या मोजून सांग," असं मीच तिला बजावलं होतं. त्यांचा किल्ला मोठा की आमचा, ते कळायला नको?

दुपारी दीडला आम्ही किल्ला उतरून पेठच्या पठारावर आलो. तिथं एका खडकावरच रेंज येते. खडकाशी पोचतोय तोच विपुलचा व्हॉट्सअॅपवर फोन आला. विपुल खालापूरचा, हर्षलाच्याच वर्गात, दोनदा घरी जेवून गेलेला.

"काका, हर्षलाचा फोन आला काय तुमाला?"

"नाय. का रं?"

 तो भडाभडा बोलला. किल्ला बघून सगळे खाली बसपाशी आले, तर हर्षला नव्हती. पायऱ्या मोजते म्हणून मागं थांबली होती. तिचा फोन बंद. किल्ल्याचं दार लागलं, तिथले पाच वाजले, अंधार पडतोय. पोलिसांना कळवलंय, पण बर्फामुळं त्यांना यायला तास-दीड तास लागेल. बाकीची पोरं स्टेशनवर बघायला गेली.

"स्टेशनवर कशाला? ती आली त्या वाटेवर बसली असंल. हलायची नाय ती." मी हे तोऱ्यात बोललो, खोटं कशाला सांगू.

"काका, इथं बर्फ हाय. शून्याच्या खाली चार."

तेव्हा मला ती करवंदीची जाळी आठवली. चार तास बसली होती ती. दिवे दिसत असून बसली होती. आणि मी आल्यावर तिला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं. आता मी येणार नव्हतो, आणि ती माझी वाट बघत बर्फात बसणार होती.

"विपुल, तू जा वर. जिथं तिला शेवटचं बघितलंस तिथं जा नि हाका मार."

"काका, पोलीस फोनवर म्हणाले, कुणी वर जायचं नाय."

"माझी पोरगी हाय ती! जातोस का नाय?"

गेला बिचारा. फोन चालू ठेवायला लावला मी त्याला. त्याच्या बुटांखाली बर्फ करकरत होता ते ऐकू येत होतं. मध्येच तो "हर्षलाऽऽ" म्हणून ओरडायचा, मग नुसता श्वास. एवढ्यात माझ्या फोनवर दुसरा कॉल आला. भलामोठा अनोळखी नंबर. असले फसवणारे फोन हल्ली रोजचेच, मी कापला. पाच मिनिटांनी परत आला. शिवी हासडून परत कापला.

"काका, दारापाशी आलो. कोण नाय."

"तिथंच थांब. हाका मारत रहा. ती दिसंपर्यंत किंवा मी सांगंपर्यंत हलायचं नाय, कळलं? माझी शपथ हाय तुला."

"हो काका. पण बॅटरी..."

फोन तुटला. मी लावायच्या आत वाजला. विपुलच असेल म्हणून न बघता उचलला.

"बाबा, मी."

मी खडकावर बसलो नि फोन कानाशी दाबला.

"दोनदा कापलात तुमी! गावातल्या एका आजीच्या घरातनं बोलतेय. मोबाईल थंडीनं बंद पडला. नंबर मला तुमचा एकच पाठ, बोर्डावरचा." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मोजता मोजता वाट चुकले नि पाऊण तास बसले मी. मग पाय कळेनासे झाले. खाली एक दिवा दिसला, म्हणून उतरले. रागावू नका."

रागावू नका! पोरीला जिवापेक्षा माझ्या रागाची काळजी.

"बरं केलंस," मी म्हणालो. "लय बरं केलंस गं."

"विपुलला सांगा. घाबरला असंल."

मी विपुलला कुठं धाडलं ते सांगितलं. काय शपथ घातली तेही सांगितलं. 

"बाबा, तो हलायचा नाय. तुमाला किती घाबरतो तो."

"त्याचा फोन बंद पडला गं."

ती जपानीत कुणाशी तरी घाईघाईनं बोलली. आजींच्या नवऱ्याकडं लहान टेंपो होता, वरपर्यंत मागच्या बाजूनं रस्ता होता. "निघालो आमी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्या खडकावरून उठू शकत नव्हतो. उठलो की रेंज जाणार. बावीस माणसं जेवणासाठी खोळंबली होती. निशिगंधा मॅडमनी त्यांना पेठ गावात पाठवलं, मला पाणी आणून दिलं आणि त्या शेजारी बसल्या. मी विपुलला लावत राहिलो. दर वेळी बंद. खालापुरात त्याची आई या वेळी काय करत असेल, हे डोक्यातून जाईना. तिला काय सांगणार होतो मी? तुझा पोरगा माझ्या शब्दाखातर बसलाय म्हणून?

पन्नास मिनिटं गेली. मग तसाच भलामोठा नंबर आला. आजोबांच्या मोबाईलवरून हर्षला होती, पण धड बोलेना, नुसती रडत होती.

"काय झालं? हर्षला! हाय का तो?"

"दाराच्या पायरीवर बसलेला... हाय, बाबा, बोलतोय. टेंपोत घेतलाय. ओठ निळे पडलेत, आजोबा हात चोळतायत. दवाखान्यात नेतोय. तुमच्याशीच बोलायचं म्हणतो."

फोन त्याच्या कानाला लावला असावा. दात वाजत होते. शब्द एकेक करून आले.

"काका... मी हललो नाय."

हेच ऐकायला मिळावं म्हणून एकवीस वर्षं मी लोकांना शिकवत आलो होतो. शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं.

"हलायचं रं बाळा," मी म्हणालो, "हलायचं."