आनंदाचा न सुटलेला उपास

मित्रांनो, मी एक जुनी पितळी थाळी आहे. भुलेश्वरच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि कौसल्याबाईच्या लग्नात आहेर म्हणून मी लालबागच्या चाळीत आले. दर दिवाळीला मला कल्हई व्हायची. मग मी अशी लख्ख, की जेवणाऱ्याला आपलं तोंड माझ्यात दिसावं. तेव्हा मला त्याचा केवढा तोरा! जळो मेला तो तोरा.

घरात दोन मुलं, सुभद्रा आणि तिच्या पाठचा आनंदा. आधी आनंदाने जेवायचं, मग त्याच्याच थाळीत, म्हणजे माझ्यात, सुभद्राने, अशी रीत.

सुभद्रा सतरा वर्षांची झाली. बघायला आलेली माणसं 'मुलगी अंगाने भरलेली आहे' म्हणून निघून गेली आणि तिने जेवण टाकलं. भाकरीचा तुकडा भाताखाली दडवायची आणि माझ्यात आपले गाल बघत बसायची. पण पोरीची हाडं दिसायला लागली तशी सगळी चाळ ओरडली. कौसल्याबाईने तिला इस्पितळात नेलं, मग वर्षभर समोर बसून एकेक घास खाऊ घातला. पोर वाचली.

मग आनंदाची पाळी आली आणि कोणाला कळलंच नाही. व्यायामशाळेतली मुलं त्याच्या पोटाला हसली होती. सुभद्राला बारीक व्हायचं होतं, याला दंडावरची शीर न् शीर दिसायला हवी होती. रोज पाचशे जोर काढायचा. त्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. एके दिवशी मोर्चाहून आला आणि म्हणाला, "मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत मी दिवसातून एकदाच जेवणार." चाळीने त्याला हार घातला हो!

त्या एका जेवणातही तो भाकरी भाताखाली दडवायचा. मला बोलता आलं असतं तर मी बोंब मारली असती. त्याच्यामागून जेवायला बसलेल्या सुभद्राला ती भाकरी सापडली.

"आये, हे माझंच दुखणं आहे गो. ह्याला दाक्तरकडे ने."

"गप बस! बाप्याला कधी असलं होतं? तो व्रतावर आहे. तुझी थेरं त्याला चिकटवू नको."

दोन वर्षं हेच चाललं. सुभद्रा रडायची, आई कौतुक करायची आणि सदरा आनंदाच्या अंगावर लोंबायचा.

१ मे १९६० उजाडला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत गुलाल, पेढे, नुसता जल्लोष. कौसल्याबाईने पुरणपोळी केली, माझ्यात वाढली, वर तूप सोडलं. शेजारी दारात उभे होते. "जेव रे बाबा, सुटला तुझा उपास."

आनंदाने तुकडा मोडला. तोंडापर्यंत नेला आणि परत माझ्यात ठेवला.

"आये, जात नाही गो. मला भीती वाटते."

आणि तो माझ्यावरच कोसळला.

इस्पितळात दाक्तरांनी छाती तपासली. "हृदय पार थकलंय. फार उशीर केलात," म्हणाले. चौथ्या दिवशी आनंदा गेला.

तेव्हापासून मी फळीवर पडून आहे. कल्हई उडाली, आता माझ्यात कोणाचं तोंड दिसत नाही. दरवर्षी १ मेला कौसल्याबाई मला खाली काढते, पोळी वाढते आणि समोर बसून राहते. "तेव्हा तुझ्यासमोर असं बसायला हवं होतं रे," एवढंच म्हणते. मग सुभद्रा तिला हाताला धरून उठवते.

मित्रांनो, मुलगी जेवली नाही तर विचारता ना? मुलगा जेवला नाही तरी तेवढ्याच काळजीने विचारा. हार नंतर घाला. आधी त्याचा भात जरा हलवून बघा.