पौषी पुनव

म्हादू जाऊन तीन महिने झाले, तरी रत्नाच्या डोक्यातली आग तसूभरही उतरली नव्हती. नवरा गेल्याचं दुःख तिनं कसंबसं गिळलं असतं. पण त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी मारलेला, तो तिला गिळवत नव्हता.

आश्विनातल्या पुनवेला जीवनशेठची जीप मुरबाडच्या वाटेवर, उताराच्या वळणावर झाडाला आदळली होती. गाडीत दोघंच, चालवणारा जीवन आणि शेजारी त्याच्या शेतावर राबणारा म्हादू. जीवन खरचटण्यावर निभावला, म्हादू जागीच गेला. म्हादूला फेपऱ्याचा आजार, त्यात पुनव, झटका आला आणि त्यानंच स्टेअरिंग ओढलं, असं जीवननं पोलिसांना सांगितलं आणि किन्हवलीभर सांगत फिरला. गावानं माना डोलावल्या. पुनवेला फेपरं उसळतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आदल्या दिवशीच म्हादू घरी म्हणाला होता की गाडीचे ब्रेक लागत नाहीत आणि शेठ ऐकत नाही. शिवाय डॉक्टरांनी सांगितल्यापासून रत्ना दर झटक्याला भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाची फुली मारत असे. वर्षात अकरा फुल्या, त्यातली पुनवेवर एकच. ते कॅलेंडर घेऊन ती घरोघर फिरली. शेजारच्या धोंडीबाईनं तर ते न बघताच तिला चहा पाजून वाटेला लावलं. जीवन नुसता हसला. ते हसू रत्नाला झोपू देईना. याला याच्याच पुनवेत धरायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

पौषी पुनवेला मुरबाडपलीकडं म्हसा गावची जत्रा भरते. सकाळी नाक्यावर जीवनची दुरुस्त होऊन आलेली जीप खचाखच भरली होती. रत्ना गाडीसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवायची तिला गरजच नव्हती.

"आज पुनव हाय, शेठ. पुनवेनं माझा माणूस मारला, तुमीच सांगलंत. आज तर गाडीत पंधरा जणं हायत, आन् वळण तेच हाय."

नातवाला काखेत मारून धोंडीबाई सगळ्यात आधी उतरली. तिच्यामागून आणखी चौघं उतरली. जत्रेच्या दिवशी भरलेली गाडी डोळ्यांदेखत रिकामी व्हायला लागली तसा जीवन भडकला.

"पुनवेचं काय घेऊन बसलाव? पुनवेनं काय गाडी आपटत नाय. तवा ब्रेक गेले होते, आता नवे टाकलेत. बसा गप."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. रत्नाला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला जराही लाज वाटली नाही. तिनं धोंडीबाईकडं वळून विचारलं, ऐकलंस ना. धोंडीबाईनं रत्नाची नजर चुकवली नाही. ऐकलं, म्हणाली.

रत्ना म्हादूच्या जागेवर चढून बसली आणि पिशवीतलं कॅलेंडर तिनं मांडीवर ठेवलं.

"बसा गो सगल्या," ती म्हणाली. "जत्रा मागून. शेठ, आदी पोलीस ठाण्यात घ्या. ब्रेक नवेत ना?"