चुलीवर टांगलेल्या दुर्बिणीचे चाळीस पक्षी

मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझ्या पोटात बुरशी आहे. मित्रांनो, हे मी लाजून सांगत नाही. ती बुरशी मी मुद्दाम पाळली.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पितळेचे अंग, काचेचे डोळे, वर काळे चामडे. एका खलाशाने दोन पोती बटाट्यांच्या बदल्यात मला दक्षिण चिलीतल्या चिलोए बेटावर सोडले आणि मी एदुविनाच्या घरची झाले. माझी नजर काय सांगू? समोरच्या बेटावर झोपलेल्या पाणकावळ्याचे स्वप्नसुद्धा मला दिसे, आणि त्यातले मासेही मोजता येत. पाऊस तर आमच्याकडे मुक्कामालाच असतो. एदुविना बाहेरून आली की आधी कोकराच्या मऊ लोकरीने मला पुसायची आणि मग स्वतःचे केस.

सप्टेंबरात आमच्याकडे थंडी सरू लागते आणि थेट उत्तरेकडून लांब चोचीचे पाणटिवळे ओहोटीच्या चिखलावर उतरतात. गावाची रीत अशी, की ज्याला ते सर्वांत आधी दिसतील त्याने चर्चची घंटा वाजवायची. मग त्या हंगामात किनाऱ्याचा कोणता भाग पक्ष्यांसाठी राखून माणसांना बंद राहील, हे त्यानेच ठरवायचे. एदुविना दरवर्षी दक्षिणेचा चिखल बंद ठेवी, कारण तिथेच पक्ष्यांना भरपूर किडे मिळत.

तिचा नवरा वारला आणि नवव्या दिवशी तिचा दीर बेलार्मिनो दारात आला.

"वहिनी, दुर्बीण एका दिवसापुरती द्या. भावाची आठवण म्हणून."

तो एक दिवस चार वर्षे चालला. चारही वर्षे घंटा त्याने वाजवली, ती माझ्या डोळ्यांवर. लोक म्हणत, "काय नजर आहे गड्याची." माझे नाव कोणी घेतले नाही. त्याने दक्षिणेचा चिखल उघडा ठेवला, कारण तिथे त्याला समुद्रशेवाळ गोळा करायचे होते. त्याची बैलगाडी चिखलात शिरली की पाणटिवळे उपाशीपोटी उडून जात. ते मला माझ्याच डोळ्यांनी पाहावे लागे. बिनदुर्बिणीची एदुविना काही बोलू गेली, तर तो म्हणे, "तुम्हाला बगळा आणि बदक सारखंच दिसतं, वहिनी."

त्याने मला कधी पुसले नाही. आमच्याकडे भिजलेली प्रत्येक वस्तू चुलीवरच्या दांडीला जाते, तशी मीही गेले. एका बाजूला ओले मोजे, दुसऱ्या बाजूला धुरावर धरलेल्या शिंपल्यांची माळ, आणि खाली उकळती किटली. मोज्यांना ते मानवते. माझ्या मात्र सांध्यांतून वाफ आत शिरली. चौथ्या हिवाळ्यात काचेवर पहिला काळा ठिपका उमटला. मी त्याला म्हटले, ये, बस. तुझ्या भावंडांनाही बोलाव.

वसंतात बेलार्मिनोने मला थेट दांडीवरून उचलून किनाऱ्यावर नेले. पाऊस पडत होता. एदुविना आधीच तिथे उभी होती. त्याने मला डोळ्यांना लावले मात्र, आणि समोरच्या चिखलावर त्याला चाळीस काळे पक्षी दिसले.

"आले," तो म्हणाला.

"कुठे? चिखल मोकळा आहे," एदुविना म्हणाली.

"डोळ्यांत पाऊस गेलाय तुमच्या."

त्याने घंटा वाजवली. सारा गाव बटाटे, शिंपले आणि तापवायचे दगड घेऊन दरवर्षीच्या मेजवानीला आला. तापल्या दगडांवर जेवण शिजवायचा खड्डाही खणून झाला. पक्षी मात्र कोणालाच दिसेनात. तेव्हा चर्चची म्हातारी राखणदार ओतिलिया हिने मला हातात घेतले. तिने चिखलाकडे पाहिले. मग आकाशाकडे पाहिले. मग मला सावकाश बेलार्मिनोकडे वळवले.

"बेलार्मिनो, तुझ्या पोटावर चाळीस बसलेत रे," ती म्हणाली. "तिथेही बैलगाडी घालणार का यंदा?"

लोक इतके हसले, की तापलेले दगड निवले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड आवाज. ओतिलियाने घंटेचा मान त्याच्याकडून काढून घेतला आणि मला एदुविनाच्या गळ्यात घातले.

चौथ्या दिवशी खरे पाणटिवळे उतरले. ते एदुविनाला नुसत्या डोळ्यांनी दिसले. घंटा वाजली, दक्षिणेचा चिखल बंद झाला आणि पक्षी पोटभर जेवले. मग तिने मला पुसून मोठ्या हौसेने डोळ्यांना लावले. मी जीव एकवटला. पण तिला माझे ठिपके आणि खरे पक्षी वेगळे करता येईनात. तिने मला हळूच खाली ठेवले. ती लोकर माझ्या पोटापर्यंत पोचत नाही.

आता मी तिच्या खिडकीत असते. "आज एकशे बारा," ती मला सांगते आणि मी ऐकते. सुडाचा मला पश्चात्ताप नाही. फक्त ते एकशे बारा मलाही बघायला मिळायला हवे होते.

मित्रांनो, दुर्बीण असो की आजोबांचा चष्मा, पावसातून आल्यावर मऊ कापडाने पुसा आणि चुलीपासून लांब ठेवा. आम्ही बोलत नाही. पण तुम्हाला काय दाखवायचे, ते आमच्या हातात असते.