माझ्या गळ्यात मारलेले गाणे

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे, व्हायोलिनच्या घराण्यातला सर्वांत थोरला, खर्जात बोलणारा. माझी पाठ मेपलच्या लाकडाची, पोट स्प्रूसच्या आणि उंची अशी की दारातून मला आडवेच न्यावे लागते. ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझ्या पोटावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हटले, "हं, बोलतोय." त्यानंतर माझे ऐकून घेणारे फारसे कुणी भेटले नाही. वाद्यवृंदात मी वर्षानुवर्षे शेवटच्या रांगेत इतरांच्या सुरांखालची जमीन धरून उभा राहिलो. कौतुक झाले ते वजनाचे.

पुढे संगीताच्या एका प्राध्यापकांच्या भाचीने मला हाती घेतले. मामांच्या विद्यालयात तिला एकटीने वाजवण्याची पहिली संधी मिळाली. तिने माझ्या धाकट्या भावासाठी, चेलोसाठी, तीनेकशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळात रचलेले एक नृत्यसंगीत निवडले आणि ते माझ्यासाठी उतरवून देण्याचे काम मामांनी अंगावर घेतले. मामांनी त्या काळाविषयी इतके वाचले आहे की वाद्याला हात लावायला त्यांना सवड झालेली नाही.

त्यांचे रूपांतर म्हणजे चेलोचीच नक्कल होती, पट्टीही तीच. चेलोच्या तारा एकमेकींपासून पाच-पाच सुरांवर असतात, माझ्या चार-चार. त्यातून मी बोलतो एक सप्तक खाली. चेलोवर सहज हाताखाली येणारा स्वरमेळ, म्हणजे एकदम वाजणारे सूर, माझ्यावर बोटांच्या आवाक्याबाहेर जातो. ओढूनताणून जमलाच, तर त्याचा चिखल होतो.

"मामा, ही बोटं आहेत, फणी नाही," भाची म्हणाली. "पट्टी बदलू या. मधले सूर गाळू."

"गाळू? उद्या म्हणशील, नृत्यातून पायच गाळू!"

"नाचणारा जाडा असला तर पावलं बदलतोच की."

"मूळ ते मूळ, बाई."

तिने दार लोटून स्वतःच पट्टी बदलली. माझ्या मोकळ्या तारा नेमक्या मुख्य सुरांवर आल्या, स्वरमेळ हलके झाले, आणि मी आयुष्यात प्रथमच गायलो. मामा चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर शेवटपर्यंत थांबले.

"सुंदर," ते म्हणाले. "पण हे मूळ नव्हे."

मग त्यांनी विद्यालयात फोन लावला. "एखादा चेलोवाला बघा. या वाद्याला ते झेपत नाही."

पुढे त्यांनी माझ्या मर्यादांवर एक निबंध वाचला. टाळ्या पडल्या. भाची पुन्हा शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी उभी असते.

मित्रांनो, मला रोज पुसतात. माझी तक्रार धुळीची नाही. दुसऱ्याचे गाणे कुणाच्या तोंडी घालायचे असेल, तर आधी त्याचा गळा पाहा. आणि तो गायलाच, तर कृपा करून त्याला गाऊ द्या.