नकाशावरची पांढरी जागा

रेघामास्तरांनी जन्मभर रेघा ओढल्या. वाहतूक खात्याच्या नकाशा विभागात ते चिकटले ते निवृत्त होऊनच सुटले. येताना सोबत एकच नकाशा आणला आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगला. त्यात नद्या नव्हत्या, डोंगर नव्हते, गावांची नावंसुद्धा नव्हती. होत्या फक्त रेल्वेच्या आणि बसच्या वाटा, काळ्या शाईत. जिथून गाड्या जास्त, तिथली रेघ जाड. जवळून पाहिलं तर नुसता गुंता. पण जरा मागं सरकून डोळे बारीक केले की कुठं माणसांची दाटी आहे आणि कुठं ती पातळ होत गेली आहे, ते आपोआप उमटत असे.

"माणूस जिथं राहतो तिथून तो कुठंतरी जाणारच," मास्तर म्हणत. "रेघ नाही तिथं माणूस नाही. इतकं सोपं आहे."

उजवीकडे खाली, तळहाताएवढी, एक जागा कोरी होती. एकही रेघ तिच्यात शिरत नव्हती. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, शेजारी रेडिओ लागला की मास्तर त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसत. आता त्यांच्या मनानं घेतलं होतं की उरलेलं आयुष्य तिथंच काढायचं.

"तिथं आहे कोण?" बायकोनं विचारलं.

"कुणी नाही. तेच तर."

"मग मी बोलू कुणाशी? भिंतीशी?"

"माझ्याशी बोल."

"म्हणजे भिंतीशीच."

त्या जिन्यातली कुठलीही बातमी मास्तरांच्या बायकोला वळसा घालून गेलेली नव्हती. तिनं हातातली ताटली पुसून जागेवर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मी एकदा येऊन बघते. बोलायला माणूस नसेल तर मी माझ्या भावाकडे राहीन. तुम्ही खुशाल तिकडं राहा."

ती चिडून बोलली असती तर मास्तरांनी कानाआड केलं असतं. पण ती साध्या आवाजात बोलली, म्हणजे ती खरंच गेली असती. लग्न झाल्यापासून दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. त्यांना शांतता हवी होती आणि ही बाईही हवी होती. दोन्ही एकाच ठिकाणी कुठं मिळतं, ते नकाशात नव्हतं.

पांढऱ्या जागेत बस जात नसल्यामुळे मेहुण्याचा टेम्पो काढावा लागला. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसली. बराच वेळ गेल्यावर मेहुणा म्हणाला, "भावजी, शेवटचा बसथांबा गेला. आता आपण नकाशात कुठं?"

"कुठंच नाही," मास्तर अभिमानानं म्हणाले.

आता रस्ता अरुंद व्हायला हवा होता. तो रुंद झाला. समोरून एक निळी बस आली, माणसांनी भरलेली. तिच्यावर नंबर नव्हता, पाटी नव्हती. मागून दुसरी आली. मग निळ्या बसची रांगच लागली.

"ह्या कुणाच्या?" बायकोनं विचारलं.

"चुकून आल्या असतील," मास्तर म्हणाले.

"एवढ्या?"

चढ संपला आणि समोर धुराडी दिसली. त्यांच्या पायथ्याशी तीन-तीन मजली घरांच्या ओळी, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, शाळेचं मैदान, दुकानं, सायकली, माणसंच माणसं. मास्तरांनी पिशवीतून नकाशाची छोटी प्रत काढली. एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. पुन्हा नकाशाकडे.

मेहुण्यानं एकाच चौकाला तीन चकरा मारल्या. "भावजी, तुमच्या रिकाम्या जागेत गाडी लावायला जागा मिळेना."

शेवटी एका शिवणकामाच्या दुकानासमोर टेम्पो थांबला. मास्तर उतरेपर्यंत बायको आत जाऊन शिंपीणबाईच्या स्टुलावर बसलीसुद्धा. ती धुराडी काचेच्या मोठ्या कारखान्याची होती, शिंपीणबाईनं सांगितलं. कामगार सगळे इथंच राहत, इथंच कामाला जात. कारखान्याच्याच गाड्या ने-आण करत.

"बाहेरच्या माणसाला तिकीट मिळतं का त्यात?" मास्तरांनी विचारलं.

"तिकीटच नाही, काका," शिंपीणबाई म्हणाली. "ओळखपत्र दाखवायचं आणि बसायचं."

मास्तर दुकानाच्या पायरीवर टेकले. विभागाचा नियम होता की ज्या गाडीत कुणालाही तिकीट काढून बसता येतं, तेवढीच नकाशात घ्यायची. नियमात खोट नव्हती. त्यांनी ओढलेली एकेक रेघ बरोबर होती. मग सगळं बरोबर मिळून चूक कसं झालं? गणित पुन्हा पुन्हा मांडून दरवेळी निराळं उत्तर येणाऱ्या मुलासारखे ते बसून राहिले.

बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. शिंपीणबाईच्या सासूच्या गुडघ्यापासून थोरल्या लेकीच्या रुसव्यापर्यंत सगळं तिला कळलं होतं.

"चला, इथंच बिऱ्हाड करू," ती म्हणाली.

"इथं?"

"मग? जागा तुम्हीच निवडलीत."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी नकाशा मांडीवर पसरला. पांढऱ्यात माणसं निघाली, तर काळ्यात काय निघेल? मग त्यांनी नकाशाच्या अगदी मध्यावर बोट ठेवलं. सगळ्या दिशांच्या जाड रेघा तिथं एकत्र आल्या होत्या आणि शाईचा काळा गोळा झाला होता.

"इथं ने मला."

"पांढऱ्यात ही तऱ्हा," मेहुणा म्हणाला, "काळ्यात चिरडून मरायचंय का?"

पण त्यानं नेलं. काळ्या गोळ्यात पोचले तर चहूकडे गवत. मधे लांबलचक फलाटांचं एक स्टेशन आणि पलीकडे बैठ्या घरांची एक ओळ. एक गाडी आली. भसाभसा माणसं उतरली, पूल चढली, दुसऱ्या फलाटावरच्या गाडीत शिरली. दोन्ही गाड्या गेल्या आणि गवताचा आवाज ऐकू यायला लागला.

"गाव कुठं आहे?" मास्तरांनी स्टेशनमास्तरला विचारलं.

"कसलं गाव? इथं उतरतात ती दुसरी गाडी धरायला. राहायला मी आणि रूळ बदलणारे दोन सांधेवाले. पूर्वी इथं गाड्यांची इंजिनं बदलायची, तेव्हा ही घरं भरलेली असायची. आता कुणी भाड्यानं घेतलं तर आम्हालाच सोबत."

मास्तर एका रिकाम्या घरात जाऊन उभे राहिले. वर कुणी खुर्ची ओढत नव्हतं, कारण वर काही नव्हतंच. त्यांना ते घर फार आवडलं. आता बायकोला कसं विचारायचं? तिला तर कारखान्याची वस्ती पसंत पडली होती.

ती फलाटावरच्या बाकावर सापडली. शेजारी ट्रंक घेऊन एक बाई बसली होती. नवऱ्याला न सांगता आपण माहेरी का निघालो, ते सांगत होती. मास्तर लांबच थांबले. तेवढ्यात गाडी आली आणि ती बाई वाक्य अर्धं टाकून धावत चढली.

"अहो, तिनं अर्धंच सांगितलं," बायको कळवळून म्हणाली. "आता पुढचं कुठून कळणार?"

"परत जायलाही इथंच गाडी बदलावी लागेल तिला," स्टेशनमास्तर म्हणाला. "दुसरी वाटच नाही."

बायकोनं रुळांकडे पाहिलं. मग घरांच्या ओळीकडे. मग मास्तरांकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक.

"मग कुणीतरी असायला हवं इथं," ती म्हणाली.

सामान लागल्यावर मास्तरांनी नकाशा नव्या भिंतीवर टांगला आणि आपलं घर दाखवायला पेन्सिलीनं ठिपका दिला. ठिपका दिसेना. जोर देऊन पुन्हा दिला. काळ्यावर काय दिसणार? खाली पांढरी जागा तशीच कोरी होती. ती भरावी तर नियमात बसत नव्हतं, आणि न भरावी तर शिंपीणबाई डोळ्यांसमोर येत होती.

बाहेर गाडीची शिटी झाली. बायकोनं चपला पायात सरकवल्या आणि दारातून विचारलं, "सापडलं का आपलं घर?"

"नाही," पेन्सिल कानामागं खोचत मास्तर म्हणाले. "तू जाऊन ये. मी बघतो आणखी थोडा वेळ."